सपाट किनारी महामार्ग : पाणी खाली, खुणा वर

समुद्राला समांतर जाणारा सपाट, सरळ रस्ता चालवायला सोपा समजला जातो. घाट नाही, वळणं मोजकी, समोरचं लांबवर दिसतं. पृष्ठभागाच्या दृष्टीने मात्र हा रस्ता फार नाजूक असतो आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे पाण्याला जायला वाट नसते. डोंगरात पाणी उताराने निघून जातं. सपाट किनाऱ्यावर ते रस्त्यावर रेंगाळतं, कडेला साचतं आणि रस्त्याखालीही फारसं खोल नसतं. भेग असो, चाकोरी असो की पुलाजवळ बसणारा दणका, अशा रस्त्यावरच्या बहुतेक दोषांचा माग काढत गेलं की आपण पाण्यापाशी पोचतो. हा संबंध लक्षात आला, की खराब पट्टा प्रत्यक्ष चाकाखाली येण्याआधीच त्याची चाहूल लागते.

आडवा उतार

सपाट रस्ता आडव्या दिशेने सपाट नसतो, नसावाच. डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडे साधारण २ ते २.५ टक्के उतार देतात. म्हणजे साडेतीन मीटर रुंदीच्या एका लेनमध्ये आतली आणि बाहेरची कड यांच्यात ७ ते ९ सेंटिमीटरचा फरक पडतो. काँक्रीटवरून पाणी लवकर सरकतं, म्हणून तिथे थोडा कमी उतारही चालतो. लांबीच्या दिशेने ०.३ ते ०.५ टक्के उतार मिळाला तरी पाण्याला वाट सापडते, पण किनारी सपाटीवर तेवढाही मिळत नाही. सगळी भिस्त आडव्या उतारावर राहते.

तो बिघडतो दोन-तीन प्रकारांनी. जुन्या थरावर नवा थर टाकताना आधी उतार दुरुस्त केला नाही, तर प्रत्येक थराबरोबर मधला उंचवटा सपाट होत जातो. दुसरं कारण साइडपट्टीचं. गवत वाढतं, त्यात माती आणि वाळू अडकते आणि काही वर्षांत साइडपट्टी डांबराच्या कडेपेक्षा उंच होते. मग रस्त्यावरून वाहत आलेलं पाणी कडेलाच अडतं, तिथून खालच्या खडीत मुरतं आणि कड तुटायला लागते. ही साइडपट्टी छिलून तिला रस्त्यापेक्षा थोडा जास्त, म्हणजे ३ ते ४ टक्के उतार देणं हे माझ्या मते किनारी रस्त्याच्या देखभालीतलं सर्वांत फायद्याचं काम आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही. नवा डांबरी थर लोकांच्या नजरेत भरतो, छिललेली साइडपट्टी कोणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरं कारण चाकोऱ्या. अवजड वाहनांची चाकं ज्या पट्ट्यातून जातात तो पट्टा दबत जातो. आडवा उतार २.५ टक्के शाबूत असेल तर उथळ चाकोरीतलं पाणी कडेला निघून जातं. साधारण सेंटिमीटरभर खोली झाली की ते आत थांबायला लागतं. उतार आधीच सपाट झालेला असेल तर पाच मिलिमीटरची चाकोरीही पाणी धरते. पावसात समोरच्या ट्रकच्या मागे दोन समांतर चकचकीत पट्टे दिसले की त्या चाकोऱ्या भरलेल्या आहेत असं समजावं. रस्ता मोकळा असेल तर लेनच्या आतच हातभर बाजूला सरकून चाकं चाकोरीच्या उंचवट्यावर ठेवावीत.

एक जागा नकाशावर कधीच दिसत नाही, पण सपाट रस्त्यावर ती वळणापेक्षाही धोकादायक असते. वळणावर रस्ता एका बाजूला झुकवलेला असतो. सरळ रस्त्याचा दोन्हीकडे उतरणारा उंचवटा आणि वळणाचा एकाच बाजूचा झुकाव यांच्यामध्ये एक टप्पा असा येतो, की बाहेरच्या अर्ध्या रस्त्याचा आडवा उतार शून्य होतो. डोंगरी रस्त्यावर त्या टप्प्यात पाणी लांबीच्या उताराने निघून जातं. सपाटीवर दोन्ही दिशांना उतार नसतो, त्यामुळे तिथे पाण्याचा पातळ थर उभा राहतो, तोही नेमका वळणाच्या तोंडाशी, जिथे आपण स्टिअरिंग फिरवायला सुरुवात करतो. पावसात वेग वळणात शिरल्यावर नव्हे, वळणाच्या बऱ्याच आधी, सरळ रस्त्यावरच उतरवावा तो यासाठी. वळण संपतानाही असाच टप्पा पुन्हा येतो आणि नेमका तिथेच पाय ॲक्सिलरेटरवर दाबला जातो.

रस्त्याखालचं पाणी

रस्तेबांधणीत जॉन मॅकॅडमचं नाव घेतलं जातं ते फोडलेल्या खडीच्या थरामुळे. त्याचा मूळ मुद्दा मात्र वेगळा होता. १८१६ मध्ये तो ब्रिस्टलच्या रस्त्यांचा सर्वेक्षक झाला. त्याचं म्हणणं असं, की भार शेवटी खालची मूळ माती पेलते; ती कोरडी राहिली तर कितीही वजन घेईल, म्हणून वरच्या थराचं मुख्य काम मातीला पाण्यापासून वाचवणं. दोनशे वर्षांनी यंत्रं बदलली, डांबर आलं, पण किनारी रस्त्यावर हा मुद्दा अजून तितकाच लागू आहे.

मातीची ताकद तपासताना प्रयोगशाळेत नमुना चार दिवस पाण्यात बुडवून मग त्यावर दाब देतात. कोरड्या नमुन्याचा आकडा कितीही चांगला आला तरी विश्वास भिजलेल्या नमुन्यावरच ठेवतात. किनाऱ्यालगत भूजल जेमतेम मीटर-दीड मीटरवर असू शकतं आणि चिकणमातीत किंवा गाळवट मातीत ते केशाकर्षणाने आणखी वर चढतं. वाळूत ते फार चढत नाही, म्हणून किनाऱ्यावरच्या निव्वळ वाळूच्या पट्ट्यावर बांधलेला रस्ता शेजारच्या खाजणातल्या रस्त्यापेक्षा अनेकदा चांगला टिकतो. नियम म्हणून रस्त्याखालची तयार माती पुराच्या किंवा भूजलाच्या सर्वांत उंच पातळीपेक्षा किमान ६० सेंटिमीटर ते १ मीटर वर ठेवतात. त्यासाठी भराव घालावा लागतो आणि त्या भरावातून पुढची अडचण उभी राहते.

खाजणातली किंवा खाडीकाठची मऊ चिकणमाती पाण्याने भरलेली असते. तिच्यावर भराव टाकला की पाणी हळूहळू पिळून बाहेर पडतं आणि जमीन खचते. ही क्रिया महिन्यांत आटपत नाही, वर्षानुवर्षं चालते. चांगल्या कामात आधी जादा भराव टाकून जमीन मुद्दाम दाबून घेतात आणि मातीत साधारण एक ते दीड मीटर अंतरावर उभ्या निचरा-पट्ट्या ठोकतात, म्हणजे पाण्याला बाहेर पडायला जवळची वाट मिळते. एवढं करूनही थोडं खचणं उरतंच.

पुलाजवळचा दणका इथून येतो. पूल खोल पायावर किंवा पाइल्सवर, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर उभा असतो, तो खचत नाही. त्याला लागून असलेला भराव खचतो. दोघांच्या सांध्यावर पायरी तयार होते. छोट्या मोऱ्यांवरही हेच होतं, फक्त तिथे उंचवटा लहान आणि जवळजवळ येतो. पायरीवर डांबराची पाचर टाकून उतार गुळगुळीत करतात, आणि ते तेवढ्यापुरतं ठीक आहे. पण त्या पाचरीचंही वजन मऊ मातीवरच पडतं, म्हणून तीच जागा पुन्हा खचते. त्या जागी वर्षानुवर्षांच्या ठिगळांचे वेगवेगळे काळे रंग दिसतात ते त्यामुळेच.

सरळ सपाट रस्त्यावर दुरून कठडे किंवा रंगवलेले खांब दिसले, तर तिथे मोरी आहे आणि मोरी आहे तर उंचवटा असण्याची शक्यता आहे. ॲक्सिलरेटर आधीच सोडावा. ब्रेक दाबायचा असेल तर पायरीच्या आधी दाबून, पायरीवर चाक जाण्यापूर्वी सोडून द्यावा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली झुकलेलं असतं, पुढची सस्पेन्शन आधीच दबलेली असते आणि धक्का पचवायला जागा उरत नाही. रिमला पोचा येणं, टायरच्या बाजूला फुगा येणं हे पुष्कळदा याच कारणाने होतं.

मऊ मातीवरच्या लांब भरावात आणखी एक गोष्ट जाणवते. रस्ता डोळ्यांना सपाट दिसतो, पण गाडी तरंगल्यासारखी वर-खाली होते. भराव सगळीकडे सारखा खचलेला नसतो, पंधरा-वीस मीटर लांबीच्या मंद लाटा तयार झालेल्या असतात. बहुतेक गाड्यांचं शरीर स्प्रिंगवर सेकंदाला एक ते दीड वेळा हलतं. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर; वीस मीटरची लाट असेल तर सेकंदाला एकापेक्षा थोडा जास्त हेलकावा मिळतो. दोन्ही आकडे जुळले की हेलकावे वाढत जातात, आणि शॉक ॲब्सॉर्बर थकलेले असतील तर चाकांवरचा भार कमी-जास्त होऊन पकड ढिली पडते. वेग दहा-पंधरा किलोमीटरने उतरवला की जुळणी मोडते आणि गाडी शांत होते. वाढवूनही मोडेल, पण ते करू नये, कारण पुढची लाट किती लांब आहे ते आपल्याला ठाऊक नसतं.

रस्त्याचा खडबडीतपणा मोजायचा आंतरराष्ट्रीय निर्देशांक याच तत्त्वावर उभा आहे. १९८२ मध्ये ब्राझीलमध्ये झालेल्या प्रयोगांतून तो पुढे आला. एक चाक, एक स्प्रिंग, एक शॉक ॲब्सॉर्बर अशी गणिती गाडी ताशी ८० किलोमीटरने रस्त्याच्या मोजलेल्या उंचसखलपणावरून चालवायची आणि सस्पेन्शन एकूण किती हललं ते दर किलोमीटरला मीटरमध्ये मांडायचं. चांगल्या नव्या महामार्गावर हा आकडा २ च्या आत असतो. त्यातून रस्ता किती हादरवतो ते कळतं. पकड किती आहे ते कळत नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे.

गुळगुळीत म्हणजे चांगला नव्हे

पकड दोन गोष्टींतून येते. एक, खडीच्या प्रत्येक दाण्याच्या अंगाचा बारीक खरखरीतपणा, जो अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान असतो आणि हाताला पॉलिश पेपरसारखा लागतो. दुसरी, दाण्यांमधल्या फटी, ज्यांतून टायरखालचं पाणी बाजूला निघतं. कमी वेगात पहिली गोष्ट पुरते, महामार्गाच्या वेगाला दुसरीही लागते.

दुसरी मोजायची जुनी पद्धत अगदी सोपी आहे. ठरावीक आकारमानाची बारीक कोरडी वाळू किंवा काचमणी रस्त्यावर ओतायचे, सपाट चकतीने गोल गोल फिरवत पसरायचे आणि फटी भरून वर्तुळ वाढायचं थांबलं की त्याचा व्यास मोजायचा. आकारमान भागिले क्षेत्रफळ म्हणजे फटींची सरासरी खोली. ५० मिलिलिटर वाळूचं ३० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ झालं तर खोली सुमारे ०.७ मिलिमीटर येते. तीच वाळू ४० सेंटिमीटरपर्यंत पसरली तर खोली ०.४ वर आली, म्हणजे पावसात वेगाने जाणाऱ्या टायरखालचं पाणी निघायला फारशी जागा उरली नाही.

खडी कुठल्या दगडाची आहे यावर पुष्कळ अवलंबून असतं. चुनखडी डांबराला छान चिकटते, पण चाकांनी घासून लवकर गुळगुळीत होते. किनाऱ्यावर उडून येणारी वाळू या घासण्याला आणखी हातभार लावते. उलट क्वार्ट्झाइट किंवा ग्रॅनाइटसारखा सिलिकायुक्त दगड सहज घासला जात नाही, पण त्याला पाण्याची ओढ डांबरापेक्षा जास्त; ओल मुरली की डांबर दगडावरून सुटतं. म्हणून अशा मिश्रणात वजनाने एक ते दोन टक्के विरी गेलेला चुना किंवा चिकटपणा वाढवणारं रसायन घालतात. बेसॉल्ट या दोन्हींच्या मध्ये बऱ्यापैकी बसतो.

डांबरी मिश्रण घातल्यावर किती दाबलं गेलं हाही पाण्याचाच प्रश्न. मिश्रण गरम असतानाच रोलर फिरायला हवा. तापमान ९० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरलं की रोलर कितीही फिरवला तरी फार काही दबत नाही. समुद्रावरचा वारा पातळ थर झपाट्याने थंड करतो, त्यामुळे किनाऱ्यावर रोलरने पेव्हरच्या, म्हणजे डांबर पसरणाऱ्या यंत्राच्या, अगदी मागे राहावं लागतं. मिश्रणातल्या हवेच्या पोकळ्या सात-आठ टक्क्यांच्या वर राहिल्या तर त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पाणी आरपार मुरतं. मधला उभा सांधा, जिथे दोन लेनचे थर भेटतात, तिथे दाबणं नेहमी कच्चं राहतं. रस्त्याच्या बरोबर मध्ये लांबच लांब भेग दिसते ती हीच. दुचाकीस्वाराने या भेगेवरून चाक चालवू नये. ती रुंद झाली की चाक आत धरून ठेवते.

खारट पाण्याचा एक खास दोष आहे. खालच्या खडीत किंवा मुरमात मीठ असेल, किंवा बांधकामात खारं पाणी वापरलं असेल, तर उन्हाने ओल वर ओढली जाते आणि मीठ पातळ डांबरी थराच्या खाली स्फटिक होऊन बसतं. वाढत्या स्फटिकांनी थर उचलला जातो, छोटे फोड येतात, फोड फुटले की खाली भुगा सापडतो. जाड डांबरी थरात हे क्वचित दिसतं. सीलकोटमध्ये, म्हणजे वरून दिलेल्या पातळ डांबरी लेपात, विशेषतः वाहतूक कमी असलेल्या रस्त्यावर आणि साइडपट्टीकडे जास्त. काँक्रीट रस्त्यात मीठ सांध्यांतल्या लोखंडी सळयांना गंज चढवतं. काँक्रीटचे तुकडे साधारण साडेचार मीटरचे असतात, त्यामुळे ताशी ८० ला सेकंदाला पाचेक ठोके बसतात. ठोका हलका आणि सारखा असेल तर चिंता नाही. तो एकाच बाजूने जोरात बसत असेल तर तुकड्यांमध्ये पायरी झाली आहे, म्हणजे सांध्यातून पाणी खाली जाऊन चाकांच्या दाबाने तळची माती बाहेर फेकली जाते आहे.

पाण्याचा फवारा कमी करणारं सच्छिद्र डांबर, ज्यात वीसेक टक्के पोकळी ठेवतात, पावसात अप्रतिम चालतं. पण वाळू उडणाऱ्या किनाऱ्यावर त्याची भोकं बुजतात आणि वेगाने जाणारी चाकं ती ओढून साफ करतील इतकी वाहतूक तिथे नसेल तर ती बुजलेलीच राहतात. अशा जागी मी तरी ते सुचवणार नाही.

चालवताना काय बघायचं

रस्त्याचा रंग आधी बघावा. काळा, तेलकट चकाकणारा पट्टा म्हणजे डांबर वर आलेलं आहे. खडी त्यात बुडाली आहे आणि ओल्यात तिथे पकड नसते. उन्हात हे चाकांच्या पट्ट्यांत जास्त दिसतं. फिकट राखाडी आणि खरवडलेला दिसला तर डांबर म्हातारं होऊन खडी सुटते आहे. पकड ठीक असते, पण सुटे खडे काचेवर उडतात. जाळीदार, मगरीच्या कातडीसारख्या भेगा आणि त्यांच्या कडेला वाळलेला पांढरट किंवा तपकिरी गाळ दिसला, तर खालचा थर पाण्याने भरलेला आहे आणि दर चाकाबरोबर त्यातली माती वर येते आहे. एक-दोन मोठ्या पावसांत तिथे खड्डा होणार हे नक्की धरावं.

अवजड वाहनांचा इथे मोठा वाटा आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या बंद वळशाच्या रस्त्यांवर ट्रक फिरवून जी चाचणी झाली, तिच्यातून पुढे आलेला नियम असा, की नुकसान ॲक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. भार सव्वापट केला की नुकसान जवळजवळ अडीचपट. माल भरून जाणारी आणि रिकामी परतणारी वाहनं असतील तर एकाच रस्त्याची एक बाजू मोडलेली आणि दुसरी धड असते. ओव्हरटेक करताना हे लक्षात ठेवावं: समोरच्या वाहनाचा चालक खराब बाजूवरून तुमच्याकडे सरकू शकतो.

पाऊस सुरू होताच वेग उतरवणं आवश्यक आहे, आणि किती ते आकड्यांत सांगता येतं. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर केलेल्या चाचण्यांतून एक ढोबळ सूत्र निघालं: टायरमधली हवा पीएसआयमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १६.७ ने गुणा. जो आकडा येईल त्या ताशी किलोमीटर वेगाला टायर पाण्यावर पूर्ण तरंगतो. ३२ पीएसआयला ९४, २५ पीएसआयला ८३. पाणी टायरच्या खाचांना झेपणार नाही इतकं खोल असेल तेव्हाचा हा हिशेब आहे. रुंद आणि झिजलेला टायर याहून आधीच सुटायला लागतो. हवा कमी ठेवल्याने पावसात पकड वाढते हा समज किती चुकीचा आहे ते या आकड्यांवरून दिसतं. हवा गाडी थंड असताना तपासावी. खाचांची कायदेशीर किमान खोली अनेक देशांत १.६ मिलिमीटर आहे, पण साचलेल्या पाण्यासाठी ३ मिलिमीटरखाली टायर वापरू नये असं माझं ठाम मत आहे.

टायर तरंगायला लागला की स्टिअरिंग अचानक हलकं होतं, इंजिनाचा आवाज चढतो. त्या क्षणी ब्रेक नाही, स्टिअरिंगला झटका नाही. ॲक्सिलरेटर हळू सोडायचा, चाकं सरळ ठेवायची, क्रूझ कंट्रोल मुळात पावसात लावायचाच नाही.

थांबायच्या अंतराचाही अंदाज हवा. ताशी ८० ला दीड सेकंदाच्या प्रतिक्रियेत गाडी ३३ मीटर पुढे जाते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरला तर ब्रेकनंतर ३६ मीटर, एकूण ६९. ओल्या, घासलेल्या रस्त्यावर तो ०.३ वर येतो आणि ब्रेकनंतरचेच ८४ मीटर होतात, एकूण ११७. लांबच्या कोरड्या काळानंतरचा पहिला पाऊस यात सर्वांत वाईट, कारण धूळ, तेल आणि रबराचा थर वाहून जाण्याआधी ओला होतो.

कड तुटलेल्या रस्त्यावर एक चाक खाली साइडपट्टीत उतरलं, तर घाईने वर येणं हा गंभीर अपघातांचा नेहमीचा मार्ग आहे. उभी कड पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर टायर तिला घासत राहतो, वर चढत नाही. चालक स्टिअरिंग आणखी वळवतो, टायर एकदम चढतो आणि गाडी समोरच्या लेनमध्ये फेकली जाते. म्हणून स्टिअरिंग घट्ट सरळ धरावं, ॲक्सिलरेटर सोडावा, वेग अगदी कमी होऊ द्यावा आणि मागे-पुढे बघून मगच सावकाश वर यावं. डांबर घालतानाच कडेला सुमारे ३० अंशांचा तिरपा उतार दिला तर हा धोका बराच टळतो. पेव्हरला त्यासाठी एक साधा जोड लावावा लागतो, तो प्रत्येक किनारी रस्त्यावर सक्तीचा असायला हवा.

वारा आणि वाळू एकत्र येतात. झाडांची रांग संपते, पूल सुरू होतो किंवा भराव उंच होतो, तिथे आडवा वारा एकदम लागतो. मोठ्या ट्रकला ओलांडताना आधी वारा अडतो आणि पुढे निघाल्यावर धक्का बसतो. रिकामे टेम्पो, दुचाकी आणि छतावर सामान लादलेल्या गाड्या यांनी अशा दिवशी वेग कमी ठेवावा. डांबरावरची कोरडी वाळू चाकाखाली घरंगळते. ती लेनच्या कडेला आणि वळणाच्या आतल्या बाजूला साचते, चाकांच्या पट्ट्यांत कमी असते. दुचाकीने तिच्यावर ब्रेक लावू नये, गाडी सरळ उभी ठेवून नुसती पार करावी.

काचेवर खाऱ्या तुषारांचा थर बसतो. कोरडा वायपर फिरवला की तो पसरतो आणि समोरून येणाऱ्या दिव्यांत काहीच दिसत नाही. भरपूर गोडं पाणी मारून मगच वायपर चालवावा. रात्री ओल्या रस्त्यावर पांढरे पट्टे नाहीसे झाल्यासारखे वाटतात, कारण त्यांतले काचमणी पाण्याखाली गेले की उजेड मागे फेकत नाहीत. तिथे उंच बसवलेले परावर्तकच कामाला येतात.

पाणी रस्त्यावर आलं तर

किनारी रस्त्यावर पाणी यायला पाऊस लागतोच असं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मोऱ्यांमधून उलटं पाणी येऊ शकतं. त्याच वेळी जोराचा पाऊस असेल तर निचरा पूर्ण बंद होतो आणि ओहोटी लागेपर्यंत पाणी हलत नाही. सखल पट्टा ओलांडायचा असेल तर भरतीची वेळ आधी बघावी. वाहतं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी बहुतेक कारच्या तळाला लागतं, ३० सेंटिमीटरमध्ये अनेक गाड्या तरंगू लागतात, ६० सेंटिमीटर बहुतेक सगळ्या वाहनांना वाहून नेतं.

पाणी ओसरल्यावर रस्ता वरून धड दिसतो तेव्हा खास सावध राहावं. भरावावरून पाणी ओसंडून गेलं असेल तर ते ज्या बाजूला खाली पडतं त्या बाजूची माती आधी खणली जाते. वरचं डांबर तसंच राहतं, खाली पोकळी. म्हणून प्रवाहाच्या खालच्या बाजूच्या कडेपासून चाकं शक्य तितकी दूर ठेवावीत आणि अवजड वाहन त्या कडेला थांबवूच नये. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये बुडालेल्या डांबरी रस्त्यांची तपासणी झाली, तेव्हा त्यांची ताकद सुमारे दोन इंच डांबरी थर काढून टाकल्याइतकी घटलेली आढळली. पाणी उतरल्या दिवशीच भरलेले ट्रक सोडले की रस्त्याचं आयुष्य त्याच आठवड्यात संपतं. खालची माती निथळेपर्यंत ती वाहतूक वळवणं किंवा भार कमी करणं हाच उपाय आहे.

खाऱ्या पाण्यातून गाडी गेलीच, तर बाहेर आल्यावर कमी वेगात ब्रेक हलके दाबत तो वाळवून घ्यावा आणि त्याच दिवशी तळ, चाकांच्या आतली बाजू आणि ब्रेकची जागा गोड्या पाण्याने धुवावी. पाणी हबच्या वर गेलं असेल तर बेअरिंगचं ग्रीस तपासून घ्यावं. पांढरट, दुधाळ झालं असेल तर ते बदलायलाच हवं. आणि ब्रेक पूर्ण सुकेपर्यंत गाडी रात्रभर हँडब्रेकवर ठेवू नये. सपाट जागी गिअरमध्ये घालून चाकाला अडसर लावावा, नाहीतर मीठ आणि गंज मिळून ब्रेकचे लायनर डिस्कला किंवा ड्रमला चिकटून बसतात.